पाटी गेली, नंबर प्लेटही गेली. पेंटरने रंगवायचे काय?

बुलढाणा : चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर... जिल्ह्यातल्या कुठल्याही बाजारपेठेत 'पेंटर' म्हटले की कॅनव्हास डोळ्यासमोर येत नाही. दुकानाची पाटी, ट्रॉलीवरचे नाव, देवळाच्या भिंतीवरचा मारुती रंगवणारा माणूस आठवतो. हे नाव इतके घट्ट चिकटते की आडनाव मागे पडते. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री याच न्यायाने बाबूराव पेंटर झाले आणि सिनेमाच्या इतिहासात त्याच नावाने गेले. आपल्याकडे मात्र नाव उरले आणि काम आटत चालले आहे.

काम कोणी खाल्ले?

फ्लेक्सने, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हाताने बोर्ड करायचा तर आधी पत्र्याला अस्तर, मग खडूने आखणी, मग अक्षरे आणि कडा. प्रत्येक थर वाळायला वेळ द्यावा लागतो. फ्लेक्स काही मिनिटांत छापून निघतो आणि त्यावर मालकाचा फोटोही येतो. तीन-चार वर्षांत तो उन्हाने विटतो, हातचा बोर्ड त्याहून जास्त टिकतो. पण दुकानदार आजचा खर्च बघतो आणि त्यात त्याची चूक नाही. सोयाबीन-कापसाच्या भावावर चालणाऱ्या बाजारात गल्ला कधी भरेल, याची त्यालाच खात्री नसते. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक व पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आली. जाड फ्लेक्स या बंदीत बसत नाही. त्यामुळे पेंटरच्या पदरात काही पडले नाही.

दुसरा फटका कमी बोलला जातो. दुचाकी, ट्रॅक्टर, जीपच्या नंबर प्लेट हे रोजच्या चहा-भाजीचे काम होते. छोटे, पण रोख. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनाला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट कंपनीकडूनच लागून येते. नंतर राज्यात जुन्या वाहनांनाही ती सक्तीची झाली. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय योग्यच, पण त्यात एक अख्खे काम संपले, याची नोंद कुठे झाली नाही.

निवडणुकीतल्या भिंतींचेही तेच. १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायद्यानंतर आणि आयोगाच्या आचारसंहितेमुळे दिसेल ती भिंत रंगवायचे दिवस गेले.

मग उरले काय? जिल्हा परिषद शाळांच्या 'बोलक्या भिंती', अंगणवाड्या, स्वच्छतेच्या घोषणा, मंदिरांची रंगरंगोटी. हे काम चांगले आहे, पण बिल निधी आल्यावर निघते. रंगाचे पैसे मात्र दुकानात आधी मोजावे लागतात.

शिक्षकाची नोकरी?

हात चांगला असलेल्या मुलाला घरचे कला शिक्षक पदविकेकडे वळवतात. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना मुले बसतातही. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली तर दहावीत ७ वाढीव गुण, बी ला ५ आणि सी ला ३. म्हणजे चित्रकलेला मागणी आहे, पण ती गुणांपुरती. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीत १०० पेक्षा जास्त मुले असतील तरच अंशकालीन कला निदेशकाची तरतूद आहे. लहान गावची शाळा त्या आकड्यापर्यंत पोहोचतच नाही.

योजनेत नाव कुठे?

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. सुतार, कुंभार, शिंपी, न्हावी, मूर्तिकार सगळे आहेत, पेंटर नाही. त्यामुळे साहित्यासाठीचे १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजाचे कर्ज त्याला मिळत नाही. घरे रंगवणारा रंगारी मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचे दाखवून बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करू शकतो. ब्रश तोच, डबाही तोच, पण अक्षरे काढणाऱ्याला ती वाट सहज मिळत नाही. म्हणूनच अनेकांनी कुंचला ठेवून रोलर घेतला. घरे रंगवायची आणि अधूनमधून एखादी पाटी करायची.

ई-श्रम पोर्टलवर मात्र असंघटित कामगार म्हणून १६ ते ५९ वयाच्या पेंटरला नोंदणी करता येते. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजना आहे. २०२४ पासून महिना ५ हजार रुपये. पण अर्जासोबत इतक्या वर्षांच्या कामाचे पुरावे मागतात. नाटकवाल्याकडे जाहिराती असतात, कीर्तनकाराकडे पत्रिका. पेंटरने रंगवलेल्या भिंतीवर तोवर दुसरा रंग चढलेला असतो. आज काम करणाऱ्याने प्रत्येक भिंतीचा तारखेसह फोटो आणि ग्रामपंचायतीने वा शाळेने दिलेले पत्र मोबाइलमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवावे.