पाणी साचलेली खाण बुजवताय? आधी शेजारच्या विहिरी तपासा

गोव्यातल्या चिरेखाणी असोत की बेळगाव भागातल्या खडीच्या खाणी, दगड संपला की मशिनी निघून जातात आणि खड्डा गावाच्या वाट्याला येतो. दोन-तीन पावसाळ्यांत तो काठोकाठ भरतो. मग पोहायला गेलेली पोरं बुडतात, गुरं पडतात. साहजिकच गाव म्हणतं, ‘एकदाची ही खाण बुजवा.’ मागणी रास्त आहे. पण घाईने आणि मिळेल त्या वस्तूने खाण बुजवली, तर त्याची किंमत आसपासच्या विहिरींना मोजावी लागते.

कारण खाणीतलं पाणी फक्त पावसाचं नसतं. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की जमिनीतलं पाणीही त्यात उतरतं. जांभा दगड सच्छिद्र, तर काळ्या दगडात भेगा. त्यातूनच हे पाणी पुढे विहिरींकडे, ओढ्याकडे सरकतं. म्हणजे खाणीत आज जे टाकलं, ते उद्या कोणाच्या तरी घागरीत येऊ शकतं.

काम केवढं?

ढोबळ हिशेब करू. १०० मीटर लांब, ५० मीटर रुंद आणि १० मीटर खोल खड्डा म्हणजे ५० हजार घनमीटर, अर्थात ५ कोटी लिटर पाणी. एका डंपरमध्ये १० घनमीटर माल धरला, तर ५ हजार खेपा. दबाई केली की माल आणखी लागतो. एवढा मुरूम आणायचा म्हणजे दुसरीकडे डोंगर पोखरायचा! म्हणूनच फुकटात मिळणाऱ्या कचऱ्याचा मोह होतो आणि घोळ तिथेच होतो.

काय चालतं, काय नाही

खाणीतूनच निघालेली माती-दगड, मुरूम, निवडून घेतलेला बांधकामाचा राडारोडा यांचा भराव चालू शकतो. घरगुती कचरा, प्लास्टिक, दवाखान्यातला किंवा कारखान्याचा कचरा अजिबात नको. ओला कचरा पाण्याखाली कुजतो, मिथेन वायू तयार होतो आणि काळं पाणी जमिनीत झिरपतं. औष्णिक वीज केंद्राच्या राखेत जड धातू असू शकतात, त्यामुळे परवानगी आणि तपासणीशिवाय ती टाकू नये.

पाणी उपसतानाही दमाने घ्यावं लागतं. खोल खाणीच्या तळाच्या पाण्यात प्राणवायू कमी आणि विरघळलेलं लोह, मँगनीज जास्त असू शकतं. ते एकदम ओढ्यात सोडलं तर मासे मरतात. शिवाय पाणी झपाट्याने उतरवलं तर खाणीच्या कडा ढासळू शकतात. भराव थरांनी टाकून दाबायचा, नाहीतर वरची जमीन पुढे खचत राहते.

पाणी कसं तपासायचं?

पहिली तपासणी भराव पडण्याआधी हवी, नाहीतर बिघाड कधीचा हे सिद्धच होत नाही. नमुने खाणीतून वरचे आणि तळाचे असे दोन्ही घ्यावेत. विहिरींपैकी एक चढाकडची आणि निदान दोन उताराकडच्या निवडाव्यात. फक्त उताराकडचं पाणी बिघडलं तर संशय भरावावर जातो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार पीएच ६.५ ते ८.५ हवा. विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत, नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपर्यंत आणि शिसं ०.०१ मिलिग्रॅमपर्यंतच असावं. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जंतू एकही सापडता कामा नये. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी महिलांना तपासणी किट वापरायला शिकवलं आहे. प्राथमिक चाचणी त्यातून होते, पण जड धातूंसाठी प्रयोगशाळाच गाठावी लागते.

उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यानंतर, अशी वर्षातून निदान दोनदा तपासणी व्हावी. भराव संपल्यावरही काही वर्षं ती चालू ठेवावी, कारण जमिनीखालचं पाणी सावकाश सरकतं.

बुजवायचीच का?

प्रत्येक खाण बुजवायलाच हवी असंही नाही. गोव्यात लोहखनिजाच्या खाणींत साचलेलं पाणी टंचाईत उपयोगी पडलं आहे. पाणी चांगलं असेल, तर कडा उतरत्या करून आणि भक्कम कुंपण घालून खाण राखताही येते.

निर्णय काहीही होवो, ग्रामसभेत तीन कागद मागून घ्यावेत: भरावात काय टाकणार याची लेखी यादी, भरावाआधीचा पाण्याचा अहवाल आणि पुढच्या तपासण्यांचा खर्च कोण उचलणार याची हमी. हे तीन हातात आल्याशिवाय पहिला डंपर रिकामा होऊ देऊ नये.