कापसाची गंजी, रुईची गाठ आणि हेल्मेट

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव हा कापसाचा तालुका. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली, की तिथल्या कित्येक घरांत एखादी खोली कापसाने भरून जाते. त्या गंजीवर उंचावरून उडी मारण्याची मजा कापूसपट्ट्यातल्या बहुतेक मुलांनी कधी ना कधी लुटलेली असते. मोठ्यांच्या नजरेस पडले तर बोलणी खावी लागतात, ही गोष्ट वेगळी!

आता हाच कापूस जिनिंगमध्ये जातो. सरकी निघते, उरलेली रुई यंत्रात दाबली जाते आणि सुमारे 170 किलो वजनाची घट्ट गाठ तयार होते. या गाठीवर कोणी तितक्याच उंचीवरून उडी मारील का? मारली तर गुडघे फुटतील. तंतू तेच, उंची तीच, उडी मारणारा मुलगाही तोच. मग फरक पडला कशाने?

फरक पडला तो थांबण्याच्या अंतराने. गंजीत मुलगा दोन-तीन फूट रुतत जातो आणि हळूहळू थांबतो. गाठीवर तो जागच्या जागी थांबतो. मोटारसायकलवर बसताना डोक्यावर घालायचे हेल्मेट नेमके काय काम करते, हे समजायला एवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

साधे गणित

उंचावरून पडणाऱ्या वस्तूला जमिनीपाशी पोहोचेपर्यंत जी ऊर्जा मिळते ती वजन × उंची इतकी असते. वस्तू थांबताना ही सगळी ऊर्जा खर्ची पडावी लागते, आणि खर्ची पडलेली ऊर्जा म्हणजे बल × थांबण्याचे अंतर. म्हणून थांबण्याचे अंतर जितके लहान, तितके बल मोठे. उंचीला थांबण्याच्या अंतराने भागले, की वजनाच्या साधारण किती पट बल लागले ते कळते.

मोटारसायकलवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे दीड मीटर, म्हणजे 150 सेंटिमीटर उंच असते. समजा, गाडी घसरली आणि उघडे डोके डांबरी रस्त्यावर आपटले. रस्ता काही दबत नाही. डोक्याची त्वचा वगैरे मिळून अर्धा सेंटिमीटर दबली असे धरू. 150 भागिले अर्धा म्हणजे 300. माणसाचे डोके साधारण साडेचार किलोचे असते. त्याच्या 300 पट म्हणजे 1350 किलो. रुईच्या आठ गाठींचा भार, तोही कवटीच्या रुपयाएवढ्या जागेवर!

आता त्याच डोक्यावर हेल्मेट आहे आणि त्यातले अस्तर दबल्यामुळे थांबण्याचे अंतर 3 सेंटिमीटर झाले, असे माना. 150 भागिले 3 म्हणजे 50. बल 1350 किलोवरून 225 किलोवर आले, म्हणजे सहापट कमी झाले. शिवाय ते एका बिंदूवर न पडता डोक्याच्या मोठ्या भागावर पसरले.

या हिशोबात गाडीचा वेग कुठेच आला नाही, हे तुमच्या लक्षात आले का? उभ्या गाडीवरून डोके खाली आपटले तरी ते ताशी 19 ते 20 किलोमीटर वेगाने आपटते. ‘इथून बाजारापर्यंतच तर जायचे आहे, गाडी हळूच चालवतो,’ असे वडील किंवा काका म्हणतील, तेव्हा हा आकडा त्यांना सांगा.

मग आत कापूसच का भरू नये?

शंका रास्त आहे. मोकळा कापूस हेल्मेटच्या तीन सेंटिमीटर जागेत भरला, तर डोके टेकताच तो चपटा होईल आणि धक्का जसाच्या तसा कवटीला बसेल. गंजी उपयोगी पडते ती तिची जाडी काही फूट असते म्हणून. दाबून भरला, तर त्याची गाठच होईल. स्पंजाचीही तीच गत. शिवाय तो दबून पुन्हा उसळतो, म्हणजे घेतलेली ऊर्जा काही अंशी परत करतो.

हवा आहे तो असा पदार्थ, जो ठराविक बलाला चुरडू लागेल, शेवटपर्यंत तसाच चुरडत जाईल आणि पुन्हा फुगणार नाही. थर्मोकोल, म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन, हे काम चोख करते. त्यातल्या हवेच्या बारीक कोशांच्या भिंती एकामागून एक मोडतात आणि त्या मोडण्यात ऊर्जा खर्च होते. बाहेरचे कठीण कवच टोकदार दगड आत घुसू देत नाही, धक्का पसरवते आणि गुळगुळीत असल्यामुळे डोके रस्त्याला अडकून न पिरगळता घसरत जाते.

यावरूनच एक नियम निघतो. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून कितीही नवे दिसो, त्याचे थर्मोकोल खर्ची पडलेले असते. ते पुन्हा वापरू नये.

एका अपघातापासून सुरुवात

13 मे 1935 रोजी इंग्लंडमध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून जात होते. सायकलवरच्या दोन मुलांना वाचवताना ते फेकले गेले, डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. पुढे त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि 1941 साली हेल्मेटचे महत्त्व दाखवून दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्यातील मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. धक्का शोषणाऱ्या फेसाळ अस्तराच्या हेल्मेटचे पेटंट अमेरिकेत चार्ल्स लोम्बार्ड यांना 1953 साली मिळाले. आजचे हेल्मेट त्याच तत्त्वावर चालते.

मागे बसणारा आणि साइडकारमध्ये बसणारा

रस्ता चालक आणि मागे बसणारा असा भेद करत नाही. 2022 साली भारतात हेल्मेट न घातलेले 50,029 जण रस्ता-अपघातांत मृत्यू पावले. त्यांत 14,337 जण मागे बसलेले होते.

तुमच्या आजोबांनी शहरात साइडकार जोडलेल्या स्कूटर पाहिल्या असतील. साइडकारमधला प्रवासी खाली, टबात बसल्यासारखा बसतो, म्हणून तो सुरक्षित वाटतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने हेल्मेटच्या सक्तीतून त्याला वगळलेही होते. पण गाडी अचानक थांबली, तर जडत्वामुळे त्याचे शरीर पुढे जातच राहते, आणि झटक्याने वळण घेताना साइडकारचे चाक उचलले जाऊ शकते. 2019 साली कायदा बदलला. आता मोटारसायकलवरून नेल्या जाणाऱ्या चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट आवश्यक आहे आणि साइडकारची ती सवलत उरलेली नाही. पगडी बांधलेल्या शीख व्यक्तींना मात्र सूट आहे. चार वर्षांखालील मुलांसाठी हेल्मेट आणि चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा यांचा नियम 2023 पासून लागू आहे.

कायद्यातील हेल्मेटची व्याख्याही वाचण्यासारखी आहे. ते पट्ट्याने डोक्यावर घट्ट बसवलेले असले पाहिजे, असे तिच्यात म्हटले आहे. पट्टा न लावलेले हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोहोचते!

मेंदूखेरीज बाकीचे शरीरही आहेच. पूर्ण बाह्यांचा जाड सदरा आणि बूट घातले, तर घसरताना कापड आधी झिजते, कातडी नंतर. चप्पल मात्र पहिल्याच झटक्यात निघून जाते. आईचा पदर किंवा ताईची ओढणी चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला जाळी असते. ती काढू नये, आणि पदर खोचूनच बसावे.

उन्हाळ्याचे काय?

विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा हेल्मेट नको वाटते हे खरे. आत एक पातळ, ओला सुती रुमाल बांधावा. जाड दुपट्टा गुंडाळून वर हेल्मेट चढवू नये, कारण ते सैल बसते. विकत घेताना भारतीय मानक आयएस 4151 चा आयएसआय शिक्का पाहावा. 1 जून 2021 पासून त्याशिवायचे दुचाकीचे हेल्मेट विकता येत नाही. आत बोट घालून पाहावे. नुसता स्पंज लागला आणि थर्मोकोल नसले, तर ती टोपी आहे, हेल्मेट नव्हे.

हेल्मेट म्हणजे अमरपट्टा नाही. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून 2008 साली काढलेल्या निष्कर्षानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे 69 टक्क्यांनी घटतो. पूर्ण संरक्षण नाही, पण तीन सेंटिमीटर थर्मोकोलकडून याहून अधिक काय मागावे?

करून पाहा

टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोलचा जाड तुकडा फरशीवर ठेवा. तराजूचे 200 ग्रॅमचे लोखंडी वजन 50 सेंटिमीटर उंचीवरून त्यावर सोडा. पाय जरा दूर ठेवा! पडलेल्या खड्ड्याची खोली मोजा आणि 50 ला तिने भागा. वजनाच्या साधारण किती पट बल लागले ते मिळेल. आता त्याच खड्ड्यात वजन पुन्हा सोडा. या वेळी ते आणखी किती रुतले? आपटलेले हेल्मेट दुसऱ्यांदा का वापरू नये, याचे उत्तर तुम्हीच मोजलेले असेल. मग शिक्षकांच्या मदतीने एक दिवस शाळेच्या फाटकापाशी येणाऱ्या दुचाकी मोजा. वहीत तीन रकाने आखा: चालकाचे हेल्मेट, मागे बसणाऱ्याचे हेल्मेट आणि लावलेला पट्टा. नोंद करताना आपल्या घरची गाडी वगळू नका.