होमरूल दर्जा आणि नगरशासनाची वित्तव्यवस्था : इलिनॉय राज्याच्या संदर्भात

प्रस्तावना
‘होमरूल’ म्हटले की मराठी वाचकाला लोकमान्य टिळकांची १९१६ मधील होमरूल लीग आठवते. अमेरिकेच्या स्थानिक शासनव्यवस्थेत मात्र या संज्ञेचा अर्थ निराळा आहे. राज्याच्या स्वतंत्र कायद्याची वाट न पाहता नगराने स्वतःच्या कारभाराचे व करांचे निर्णय घेणे, असा तो अर्थ होय. या दर्जामुळे नगराच्या वित्तव्यवस्थेत कोणता फरक पडतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

घटनात्मक पार्श्वभूमी
न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये आयोवा राज्यात मांडलेल्या तत्त्वानुसार नगराला राज्याने दिलेले अधिकारच असतात. इलिनॉयच्या १९७० च्या राज्यघटनेने हे तत्त्व बऱ्याच अंशी उलटविले. २५,००० हून अधिक लोकसंख्येच्या नगरांना होमरूल दर्जा आपोआप मिळाला; लहान नगरांना तो सार्वमताने घेता येतो आणि कोणत्याही नगराला तो सार्वमतानेच सोडता येतो.

कर व कर्ज
होमरूल नगराला परिषदेच्या ठरावाने स्थानिक विक्री कर लावता येतो; इतर नगरांना त्यासाठी २०२४ पर्यंत सार्वमत घ्यावे लागत असे. मालमत्ता करवाढीला मर्यादा घालणारा १९९१ चा राज्य कायदा होमरूल नगरांना लागू नाही. कर्जरोख्यांबाबतही त्यांना अधिक मोकळीक आहे. तथापि हा अधिकार अमर्याद नाही. विधिमंडळाच्या संमतीवाचून उत्पन्नावर कर लावता येत नाही, तर स्थावर मालमत्ता हस्तांतरण करासाठी मतदारांची मान्यता लागते. मार्च २०२४ मध्ये शिकागोच्या मतदारांनी या करात बदल करण्याचा प्रस्ताव फेटाळला.

दोन नगरे, दोन अनुभव
पोलीस व अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचे नियम राज्य ठरविते. त्यासाठी पैसा मात्र नगराने उभारावयाचा असतो. शिकागोच्या नगर परिषदेने २०१५ मध्ये मुख्यतः याच कारणासाठी टप्प्याटप्प्याने ५८.८ कोटी डॉलरची मालमत्ता करवाढ सार्वमताविना मंजूर केली. याउलट रॉकफर्डच्या मतदारांनी १९८३ मध्ये होमरूल दर्जा सोडला. परिणामी रस्ते आदी सुविधांसाठी १ टक्का विक्री कर लावताना २००७ मध्ये त्या नगराला मतदारांकडे जावे लागले. दर्जा परत मिळविण्याचा २०१८ चा प्रस्तावही थोड्या मतांनी पडला.

निष्कर्ष
होमरूल दर्जामुळे नगराचा खर्च कमी होत नाही. तो भागविण्याचे मार्ग वाढतात आणि निर्णयाचे दायित्व मतपेटीकडून परिषदेकडे जाते. करदात्याचे संरक्षण आणि नगराची आर्थिक लवचीकता यांतील निवड येथे खुद्द नागरिक करू शकतात. भारतात ७४ व्या घटनादुरुस्तीनंतरही नगरपालिकांची कर आकारण्याची सत्ता राज्य विधिमंडळाच्या कायद्यावरच अवलंबून आहे. त्या दृष्टीने आपली व्यवस्था डिलन यांच्या तत्त्वाला अधिक जवळची ठरते आणि म्हणूनच इलिनॉयचा अनुभव अभ्यसनीय आहे.