ओल इथे, गळती तिथे!

चाळीतल्या एका खोलीत दोन पिढ्या काढल्यावर स्वतःचा ब्लॉक मिळतो. चावी हातात पडताच आपण आधी ठरवतो ते बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर कुठे लावायची. ते योग्यच आहे. पण ज्या भिंतीत खिळा ठोकायचा, ती भिंतही एकदा निरखून पाहावी. वंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो, म्हणजे ये आणि पाहा. ताब्याच्या कागदावर सही करण्याआधी ते करायला काय हरकत आहे?

आमच्या नात्यातल्या एका ताईंनी बदलापूरला घर घेतले. तसबिरीच्या भिंतीवर हातभर ओल उमटली. बिल्डरचा माणूस म्हणाला, "पावसाचे पाणी आहे, उन्हाळ्यात सुकेल." उन्हाळा आला, ओल वाढली. भिंत तर घराच्या आतली, तिला पाऊस लागणार कसा? ताईंनी पदरचे पैसे घालून दोनदा रंग दिला. दोन्ही वेळा पोपडे निघाले आणि पांढरी पूड झडू लागली. सगळे तिला बुरशी म्हणत. ती बुरशी नव्हती. विटा-सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळून वर येतात, पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात.

शेवटी वस्तीतल्या गवंडीकाकांना बोलावले. जयभीम घालून काका थेट पलीकडच्या न्हाणीघरात गेले. मोरीच्या जाळीत चिंधी कोंबली, लादीवर दोन बोटे पाणी तुंबवले आणि नळ बंद करून दार लावून घेतले. दुसऱ्या दिवशी पाणी चांगलेच उतरले होते, खालच्या बिऱ्हाडाच्या छतालाही ओल आली होती. जाळीभोवतीचा सांधा नीट भरलाच नव्हता! पाणी लादीखालच्या भरावातून सरकत भिंतीच्या बुडाशी जाई आणि कंदिलाची वात रॉकेल ओढते, तशी वीट ते वर ओढी.

भेगांचेही असेच. काँक्रीटचा खांब आणि वीटकाम यांच्या सांध्यावर केसासारखी सरळ भेग पडते, कारण दोन्ही सारखे फुगत-आकसत नाहीत. ती दिसायला वाईट, पण घाबरण्यासारखी नसते. तिरकी, रुंदावत जाणारी भेग किंवा बीमखाली गंजाचा तांबूस डाग दिसला, तर मात्र जाणत्या इंजिनिअरला दाखवावे. लोखंड गंजले की फुगते आणि काँक्रीट फोडते.

भगिनींनो, फ्रिजला हात लागून झिणझिण्या आल्या तर हसण्यावारी नेऊ नका. सॉकेट तीन पिनांचा असतो, पण मोठ्या भोकामागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. दिवे लागतात, पंखा फिरतो, म्हणून कोणाला कळत नाही. ओल्या हातांनी, अनवाणी पायांनी जीव जाऊ शकतो. आपल्याच वस्तीत वायरमन असतात. ताबा घेताना त्यांना सोबत न्यावे, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आहे का तेही पाहून घ्यावे.

रेरात नोंदलेल्या प्रकल्पात घर विकत घेतले असेल, तर २०१६ च्या कायद्याने ताब्यापासून ५ वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष बिल्डरने कळवल्यापासून ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. कळवावे लेखीच, आणि पोच घ्यावी.

ताईंचे तिसरे वर्ष चालू होते. अर्ज दिला, न्हाणीघराची लादी उखडून सांधा नव्याने भरून मिळाला. तसबीर मात्र अजून समोरच्या भिंतीवर आहे. जुनी भिंत पुरती सुकायला आणखी एक उन्हाळा जाईल, असे काका म्हणतात.