रूट कॅनॉल उपचारातील धावनपद्धती व द्रवदाब : एक विवेचन

प्रस्तावना :
दाताच्या मुळातील रोगग्रस्त अथवा मृत ऊती काढून, नलिका जंतुविरहित करून ती भरून बंद करणे म्हणजे रूट कॅनॉल उपचार होय. नलिकेस आकार देणाऱ्या फाईल्स तिच्या सर्व भिंतींना स्पर्श करू शकत नाहीत. कारण मुख्य नलिकेस उपशाखा, खाचा व आडवे जोड असतात. तेथील स्वच्छतेचे कार्य द्रवावरच सोपवावे लागते. या प्रक्रियेस धावन असे म्हणता येईल. प्रस्तुत लेखात धावनाच्या पद्धती व द्रवदाब यांच्या परस्परसंबंधाचा विचार केला आहे.

धावनद्रव :
सोडियम हायपोक्लोराइट हा प्रमुख धावनद्रव असून तो साधारणतः ०.५ ते ६ टक्के तीव्रतेत वापरला जातो. तो जंतूंचा नाश करतो आणि मृत ऊती विरघळवितो. फाईलच्या घर्षणाने भिंतीवर बसणारा खनिज कणांचा थर मात्र त्याने निघत नाही. त्यासाठी १७ टक्के ईडीटीए वापरतात. हायपोक्लोराइट मृत व जिवंत ऊतींमध्ये भेद करीत नाही, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

दाबाचे स्वरूप :
नलिका मुळाच्या टोकाशी जवळजवळ बंद असल्याने तेथे हवा अडकते आणि द्रव सुईच्या पुढे फारसा जात नाही. म्हणून सुई खोल नेण्याचा व दट्ट्या जोराने दाबण्याचा मोह होतो. प्वाझेच्या नियमानुसार नळीची त्रिज्या निम्मी झाल्यास तेवढाच प्रवाह राखण्यासाठी १६ पट दाब लागतो. परंतु यातील बहुतांश दाब सुईतच खर्ची पडतो. त्यामुळे अंगठ्याला जाणवणारा जोर हा मुळाच्या टोकावरील दाबाचे माप ठरत नाही. तो दाब प्रवाहाचा वेग, सुईच्या छिद्राची दिशा, तिची खोली आणि द्रवास परत येण्यासाठी उरलेली जागा यांवर अवलंबून असतो. सुई नलिकेत घट्ट बसल्यास परतीचा मार्ग बंद होतो व द्रव मुळाबाहेरील ऊतींत शिरू शकतो. अशा वेळी तत्काळ तीव्र वेदना, सूज, रक्तस्राव व चेहऱ्यावर काळेनिळे डाग उद्भवतात.

प्रमुख पद्धती :
१) सिरिंज-सुई पद्धती : टोकाशी उघडी सुई द्रव सरळ पुढे फेकते, तर बंद टोकाची, बाजूस छिद्र असलेली सुई टोकावरील दाब कमी ठेवते, मात्र तिच्या द्रवाची पोहोच छिद्रापुढे सुमारे १ मिलिमीटरच असते.
२) श्राव्यातीत पद्धती : नलिकेत आधीच भरलेला द्रव सुमारे २५ ते ३० किलोहर्ट्झ कंपनांनी घुसळला जातो व खाचांपर्यंत पोहोचतो.
३) ऋण दाब पद्धती : द्रव दाताच्या वरच्या पोकळीत सोडून मुळाच्या टोकाजवळ ठेवलेल्या सूक्ष्म नळीने शोषला जातो. द्रव ढकलला न जाता ओढला जात असल्याने तो बाहेर जाण्याचा धोका बराच कमी होतो. तथापि यास स्वतंत्र उपकरण लागते व सूक्ष्म छिद्रे तुंबू शकतात.

समारोप :
नलिकेच्या शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये स्वच्छता व सुरक्षितता या परस्परविरोधी गरजा ठरतात. साध्या सिरिंजनेही त्यांचा मेळ घालता येतो. त्यासाठी ३० गेजची बाजूस छिद्र असलेली सुई, कार्यलांबीपेक्षा १ ते २ मिलिमीटर कमी खोली, सुईची मोकळी हालचाल व संथ प्रवाह ही पथ्ये पाळावीत. द्रवयांत्रिकीचा हा साधा नियम विद्यार्थ्यांच्या हाती सिरिंज देण्यापूर्वीच शिकविला जाणे रुग्णहिताचे ठरेल.