सौंदर्याची कल्पना आणि मुलींचे आरोग्य

बेळगाव व निपाणी परिसरात मुलीचे लग्न ठरविताना रंग, उंची व अंगकाठी यांची चौकशी होते. वधू-वर जाहिरातींत ‘गोरी, सडपातळ’ हे शब्द नेहमी आढळतात. अशा अपेक्षा वारंवार कानी पडल्याने काही मुली स्वतःच्या शरीराविषयी असमाधानी होतात व जेवण कमी करतात. म्हणून या कल्पनांचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे.

सौंदर्याचा एकच मापदंड जगात कधीही नव्हता. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत मुद्रणालय सुरू केले. त्यातून घरोघरी पोहोचलेल्या चित्रांतील लक्ष्मी व सरस्वती भरल्या अंगाच्या आहेत. आफ्रिकेतील मॉरिटानिया देशात लठ्ठपणा हे संपन्नतेचे लक्षण मानून मुलींना बळेच खाऊ घालण्याची प्रथा चालत आली. फिजी बेटांवरही भरदार बांधाच चांगला समजला जाई. तेथील एका भागात १९९५ साली दूरचित्रवाणी आली. १९९८ च्या पाहणीत शंभरातील सुमारे ११ शाळकरी मुली वजन घटविण्यासाठी मुद्दाम उलटी करीत असल्याचे दिसून आले. १९९५ मध्ये अशी एकही मुलगी आढळली नव्हती.

कल्पना बदलतात, शरीराची गरज मात्र बदलत नाही. शेतात, तंबाखूच्या वखारीत किंवा विडी वळण्याच्या कामात दिवसभर राबणाऱ्या स्त्रीला पुरेसे अन्न लागतेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. अशा स्थितीत बारीक होण्यासाठी उपाशी राहणे धोक्याचे होय.

प्रौढ स्त्रीचे वजन योग्य आहे किंवा नाही, हे आरशावरून ठरवू नये. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उत्तर १८.५ ते २२.९ असल्यास वजन योग्य समजावे. उदाहरणार्थ, उंची १.५ मीटर व वजन ४५ किलो असल्यास उत्तर २० येते. वाढत्या वयाच्या मुलींसाठी वयानुसार निराळे तक्ते असतात.

जोंधळ्याची भाकरी, मोड आलेली कडधान्ये, पालेभाजी व शेंगदाणे रोजच्या आहारात असावेत. जेवणात लिंबू घ्यावे. जेवणाबरोबर चहा टाळावा. शिक्षकांनी मुलींचे वजन वर्गासमोर जाहीर करू नये. पालकांनी मुलीच्या रंगाची वा अंगाची थट्टा होऊ देऊ नये. मुलगी सतत जेवण टाळत असल्यास तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.