कुत्र्यासोबत राजमाची : उन्हाची वाट

लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाची किल्ल्याच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंतची वाट साधारण १५ किलोमीटरची आहे. चढ फारसा नाही, पण पावसाळा सरल्यावर मोकळ्या टप्प्यांवर ऊन थेट अंगावर येते. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांतून येतो. शरीर थंड ठेवण्याची खरी भिस्त धापेवर असते. पगसारख्या आखूड नाकाच्या जातींना ती नीट टाकता येत नाही, म्हणून त्यांना या वाटेवर उन्हात नेऊच नये. काळा कातळ झपाट्याने तापतो. त्यावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवता आली नाही, तर तो पंजांनाही भाजतो. निघावे उजाडण्यापूर्वी, आणि पाणी तहान दिसण्याआधीच थोडे थोडे पाजावे.

कुत्र्याचे सामान्य तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सियस असते. ते ४१ च्या वर जाणे म्हणजे उष्माघाताचा धोका. न थांबणारी धाप, घट्ट लाळ, गडद लाल हिरड्या, झोकांड्या ही त्याची लक्षणे. अशा वेळी सावलीत नेऊन अंगभर पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच पशुवैद्य गाठावा. गावाजवळ गुरे आणि राखणीची कुत्री असतात, तिथे पट्टा सोडू नये. परतल्यावर कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड तपासावेत.